कडू तुपाचा शरद

आज सकाळी विभाचा फोन आला. "बहनजी, शरद लग गया. गुरुजी को तैयार कीजिए," एवढं सांगून तिनं फोन ठेवलाही. मी खिडकीत आले. खाली गंगेवरच्या रामघाटाच्या आणखी चार पायऱ्या रात्रीतून उघड्या पडल्या होत्या. पंप लावून, जाड पाइप धरून दोघंजण पायऱ्यांवरचा गाळ नदीत ढकलत होते. ऊन चांगलंच तिखट होतं. घरात अजून बाटलीही आलेली नाही, तरी माझ्या नाकात कडू तुपाचा वास शिरला. शरद म्हटलं की कुणाला चांदणं आठवतं, मला कडुनिंब आणि कुटकी घालून कढवलेलं तूप आठवतं. त्याला माझा इलाज नाही.

विभा माझी जुनी विद्यार्थिनी. मी इथल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. ती मागच्या बाकावर बसायची आणि गोमती नदीला थेट समुद्रात नेऊन सोडायची. पुढे ती आयुर्वेद शिकली, अस्सी घाटाजवळ तिनं छोटंसं चिकित्सालय काढलं, आणि आता पंचकर्म करून घ्यायला लोक तिच्याकडे लांबून येतात. ज्यांना ती गुरुजी म्हणते ते म्हणजे आमचे हे. वेदपाठी माणूस, जन्मभर पौरोहित्य केलं. घाटावरचे सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. मी 'अहो' म्हणते आणि ते बहुतेक वेळा ऐकत नाहीत.

मला जो शरद आठवतो तो तीन वर्षांपूर्वीचा. पण त्याची सुरुवात त्याच्याही आधी तीन वर्षं झाली होती, ह्यांच्या कोपरावर एक रुपयाएवढा चट्टा उठला तेव्हा. आधी कोपर, मग नडग्या, मग पाठ, आणि शेवटी तळहात. कातडी जाड व्हायची, तडकायची, पांढरा कोंडा गळायचा. खाज अशी की बसल्या जागी माणूस कासावीस व्हावा. त्वचेच्या डॉक्टरांनी सोरायसिस म्हणून सांगितलं, मलम दिलं, आणि हे संसर्गानं पसरत नाही असं दोनदा बजावलं. ह्यांनी मान हलवली. घरी आले आणि आपलं अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत नेलं.

त्यानंतर एकेक वस्तू वेगळी होत गेली. पंचा वेगळ्या दोरीवर गेला. ताट-वाटी-तांब्या वेगळा झाला, आणि ते हे सगळं स्वतः घासायला लागले. ज्या माणसानं लग्नानंतर सदतीस वर्षं पाण्याचा पेलाही जागेवरून उचलला नव्हता तो सकाळी मोरीवर उकिडवा बसून ताट घासतोय, हे बघायला मजेशीर वाटलं असतं, पण वाटलं नाही. मी वर्तमानपत्र मागितलं तर ते टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरायचे, मग मी उचलायचं. यजमानांना त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, श्राद्धपक्षाला दुसऱ्या कुणाला बोलवा. कुणी फारसा आग्रहही केला नाही. आमच्या लोकांना सोवळं-ओवळं दुसऱ्याला लावण्याची सवय फार. ह्यांनी ते स्वतःला लावलं, आणि असं लावलं की त्यातून सुटायची वाटच ठेवली नाही.

मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. आपला माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा कडेकडेनं वावरतो तेव्हा आधी राग येतो, मग कीव येते, आणि मग त्याचीच सवय होते. सवय झाली हे कळलं तेव्हा मी घाबरले. एका संध्याकाळी भाजीबाजारात विभा भेटली, तिच्यापुढे मी हे सगळं ओकून टाकलं. ती पिशवी खाली ठेवून शांतपणे ऐकत राहिली. म्हणाली की पूर उतरू दे, पावसाळ्यात साचलेलं पित्त या उन्हात उसळतं, ते खालच्या वाटेनं बाहेर काढायचे हेच दिवस असतात. डॉक्टरांचं मलम चालूच राहू दे असंही तिनं सांगितलं. नदी पावसानंतर गाळ टाकते हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी तिथेच हो म्हणून टाकलं.

ह्यांना राजी करायला आठ दिवस लागले. शेवटी 'शास्त्रात विरेचन सांगितलंच आहे' हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं आणि जणू काही ही कल्पना मूळ त्यांचीच, अशा थाटात मला समजावून सांगितलं. मी समजून घेतलं. संसारात एवढं करावं लागतं.

विरेचन, म्हणजे जुलाब देऊन पोट रिकामं करणं, हे एका दिवसाचं काम, पण त्याच्या आधीची तयारी मोठी. आधी रोज सकाळी उपाशीपोटी औषधी तूप प्यायचं, रोज थोडं थोडं वाढवत. शरीर आतून ओशट झालं, त्वचेवर तुकतुकी आली, तुपाचा तिटकारा आला, की थांबायचं. मग दोन-तीन दिवस अंगाला तेल आणि वाफ. मग पोट साफ करणारं औषध. नियम सोपे आणि कडक होते. खरी भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही. फार बोलायचं नाही. दुपारी झोपायचं नाही. आणि प्यायचं ते फक्त गरम पाणी, गार पाण्याचा थेंबही नको. हा शेवटचा नियम विभानं बोट उगारून तीनदा सांगितला. वर्गात मी जसं बोट उगारायचे तसंच. मला मनातून बरं वाटलं, निदान एवढं तरी माझ्याकडून शिकली.

पहिल्या दिवशी तुपाची बाटली उघडली आणि माझ्या स्वयंपाकघराचा अपमान झाल्यासारखं वाटलं. तूप ही आमच्या घरातली लाडकी वस्तू. लोणी कढताना विड्याचं पान टाकायचं, रवाळ उतरलं की बरणीकडे बघत उभं राहायचं. हे तूप हिरवट, आणि वास असा की ओठ आपोआप मिटावेत. ह्यांनी देवाचं नाव घेऊन चार चमचे घोटले. तोंड वाकडं केलं नाही. मी थर्मासभर गरम पाणी पुढे ठेवलं आणि नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे सरले. मीसुद्धा आता मागे सरायला शिकले होते.

दुसऱ्या दिवशी तूप वाढलं आणि दुपार उलटली तरी भूक लागेना. तिसऱ्या दिवशी डोकं जड, तोंडाला पाणी सुटलेलं, पोटात दगड. संध्याकाळपर्यंत तुपाचेच ढेकर. चौथ्या दिवशी ते उलटलंच. विभा रिक्षा करून आली, नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबलं. मग विचारलं, ठंडा पानी तो नहीं पी रहे, गुरुजी? ह्यांनी सांगितलं की एक थेंबही नाही. मीही शपथेवर सांगितलं, थर्मास मीच भरत होते आणि माठ तर मी उचलून गच्चीवर ठेवला होता. विभा कोड्यात पडली. म्हणाली, चार दिवस सगळं थांबवू, पुन्हा एकदा कमी मात्रेनं सुरू करू. तरीही पोटानं घेतलं नाही तर यंदाचा विचार सोडून द्यायचा.

ती गेल्यावर हे बराच वेळ तळहातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "राहू दे. या हातांचं असंच जायचं असेल." आवाजात तक्रार नव्हती, तेच मला लागलं. तक्रार करणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

आत्ता हे लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मला विरेचनाबद्दल फारसं काही कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की हा एक दरवाजा उघडणार होता आणि तोही बंद झाला तर हे उरलेलं आयुष्य बाहेरच्या खोलीत काढतील, आणि मी आतल्या.

पुन्हा सुरू झालं त्या सकाळी मी थर्मास घेऊन लवकर गेले. हे संध्येला बसलेले. समोर तांब्याचं पंचपात्र, रात्रीच भरून ठेवलेलं गंगेचं पाणी. मी दाराशी थांबले. त्यांनी पळीनं तळहातावर पाणी घेतलं, नाव घेतलं, प्यायले. पुन्हा घेतलं, प्यायले. तिसऱ्यांदा. आचमन. लग्न झाल्यापासून रोज बघत आलेली गोष्ट. पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच ती बघितली. मी मोजायला लागले. संध्येत आचमन, पूजेच्या आधी आचमन, मध्ये शिंक आली म्हणून आचमन, पूजा झाल्यावर तीर्थ, तेही तीनदा. अठराव्या पळीनंतर माझी गिनती चुकली. सकाळ चांगली गार होती, तांब्यातलं पाणी त्याहून गार. आणि यानंतर हे गृहस्थ त्यावर कडू तूप पिणार होते.

पूजा संपेपर्यंत मी कशी थांबले ते माझं मला माहीत. मग विचारलं की हे गार पाणी नाही तर काय आहे. ह्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी देवाला देव का म्हणता असं विचारलंय. म्हणाले, "पाणी कुठे? ते तीर्थ आहे."

लबाडी त्यांच्या गावी नव्हती. विभानं पाणी विचारलं होतं, त्यांनी पाण्याबद्दल सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच पंक्तीतली. चाळीस वर्षांत त्या पळीतलं पाणी मलाही कधी पाणी वाटलं नव्हतं, नाहीतर शपथ घेताना जीभ अडखळली असती. विभाला फोन लावला. पळ्यांचा सगळा हिशेब सांगितला. मग ती अगदी हळू म्हणाली, "बहनजी, गुरुजी से कहिए, पेट को यह भेद नहीं मालूम."

आता पेच असा, की हे आचमन सोडणार नाहीत आणि तीर्थ चुलीवर चढवणार नाहीत. विभानं फोनवरच एक दिवसाची सवलत दिली, ठरवा म्हणाली. ह्यांनी दहा मिनिटांत ठरवलंही. तूप बंद.

मग मात्र मी बसले. त्यांच्या समोर, त्यांच्याच पाटाला पाट लावून. ते मागे सरकायला लागले तसं म्हटलं, सरकू नका. मागच्याच वर्षीची गोष्ट होती. घशाचं ऑपरेशन झालेले एक यजमान रडकुंडीला येऊन विचारायला आले होते, पाण्याचा घोट घ्यायला मनाई आहे, आता संध्या कशी करू. तेव्हा ह्यांनीच त्यांच्या पाठीवरून लांबूनच हात फिरवल्यासारखं करून सांगितलं होतं, की उजव्या कानाला बोट लावा, आचमन झालं. ब्राह्मणाच्या उजव्या कानात गंगा असते, आजारी माणसाला शास्त्रानं ही सोय ठेवली आहे. ते गृहस्थ डोळे पुसत गेले होते. मी आठवण करून दिली आणि विचारलं, मग तुमच्या कानात गंगा नाही का.

ह्यांनी पंचपात्रातली पळी उगीच सरळ केली. "त्यांचं दुखणं दुखणं होतं," म्हणाले. "माझं..." आणि थांबले.

ते पुढचं वाक्य तीन वर्षं आमच्या घरात न बोलता फिरत होतं. माझं दुखणं हे दुखणं नव्हे, माझं कुठलं तरी पाप वर आलंय. जगाला सूट देणारा हा माणूस स्वतःशी मात्र कसाई होता. मी त्या दिवशी जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "तुमच्या चट्ट्यांनी मला कधीच काही झालं नाही. तुम्ही लांब गेलात, त्यानं मी आजारी पडले. मला तुमचं हे सोवळं सोसत नाही." आणि रडले. पन्नास मुलींच्या वर्गापुढे मी कधी आवाज फुटू दिला नव्हता, पण इथे ज्यांच्यापुढे सावरून राहावं अशा मुली नव्हत्या. हे बसल्या जागी हात मांडीखाली लपवून खाली बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातून बघितलं. पंचपात्र भरलेलं होतं. त्यांनी पळीला हात घातला, थांबले, पळी खाली ठेवली, आणि उजव्या कानाला बोट लावलं. मी थर्मास तिथेच ठेवून स्वयंपाकघरात पळाले. एका हातानं कणीक तिंबताना दुसऱ्यानं डोळे पुसायचे म्हणजे पदराची धडगत नसते.

त्यानंतर तूप असं पचायला लागलं की विचारू नका. दुपारी दोनला भूक, मऊ भात, वर गरम पाणी. पाचव्या दिवशी बाटली बघूनच त्यांना शिसारी आली. विभा खूश झाली, हेच हवं होतं. मग तेल लावायचे दिवस आले, आणि विभाच्या चिकित्सालयात तेल लावणारे दोघंही नवरात्राला आपल्या गावी गेलेले. विभानं माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीकडे बघत होते.

पाठीला तेल लावताना पहिल्यांदा त्यांनी अंग इतकं आखडून घेतलं की माझा तळवा घसरला. तुझ्या हातांना लागेल, असं पुटपुटले. लागू दे म्हटलं. ते चट्टे मी तीन वर्षं लांबून बघत होते, जवळून ते तितके भयंकर नव्हते. नदीकाठचा चिखल वाळून भेगाळतो ना, तसे. तिसऱ्या दिवशी खांदे सैल झाले. पण तळहात मात्र त्यांनी दिले नाहीत. हाताला माझं मी लावीन, म्हणाले. मी ताणलं नाही.

विरेचनाच्या दिवशी विभा सकाळीच घरी येऊन बसली. चिकित्सालयात जायला ह्यांची तयारी नव्हती, दुसऱ्याच्या संडासात वीसदा जायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं रोग परवडला. नऊच्या सुमाराला काळपट चाटण घेतलं, त्यावर गरम पाणी. आम्ही दोघी अंगणात खुर्च्या टाकून बसलो, मी परीक्षेच्या जुन्या पुरवणीवर खुणा करायला घेतल्या. पाऊण तासानं पहिली खेप. मग हे आत-बाहेर, आत-बाहेर. कडी वाजली की विभा माझ्याकडे बघायची आणि मी एक रेघ ओढायची. बारापर्यंत रेघांचा कुंपणासारखा आडवा पट्टा झाला. प्रत्येक वेळी बाहेर येताना चेहरा आधीपेक्षा मोकळा. सतराव्या खेपेला विभानं काही प्रश्न विचारले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि उत्तरं ऐकून मान डोलावली. झालं, म्हणाली. मी शेवटची रेघ ओढून पुरवणीची घडी घातली.

संध्याकाळी पातळ पेज. हे भिंतीला टेकून बसलेले, गाल आत गेलेले, पण डोळे स्वच्छ. पेजेचा घोट घेऊन म्हणाले, खाजत नाहीये. मी कान देऊन बसले. ती शांतता मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते, त्यात नखांचा आवाज नव्हता.

मग आठवडाभर पायरीपायरीनं खाणं वाढवायचं होतं. पेज, मग आसट भात, मग मुगाचं कढण, मग त्यात मीठ. कोजागरी नेमकी कढणाच्या दिवशी आली. शेजारून मसाला दुधाचे दोन पेले आले. धर्मपत्नी या नात्यानं दोन्ही मी प्यायले. ह्यांनी गच्चीवर बसून मुगाच्या पाण्यात चंद्र बघितला आणि वर म्हणाले, बरं लागतं गं. भूक लागलेल्या माणसाला काहीही बरं लागतं.

आता यंदाची बाटली येईल. यंदा विभा म्हणते, बहनजी, तुमचंही पित्त वाढलंय, तुम्हीही बसा. मी विचार करते म्हणाले आहे. मोजायला कोण बसेल याची काळजी आहे, हे सतरा म्हणतील आणि मधेच एखादा मंत्र लागला की विसरतील.

पण सांगायची राहिली ती त्या वर्षीची शेवटची गोष्ट. आठव्या दिवशी विभाला दाखवायला अस्सीला गेलो. तिनं हात उजेडात धरून उलटेसुलटे बघितले. कोपरं नितळ झाली होती, नडग्या फिक्या पडल्या होत्या. तळहात मात्र बरेचसे तसेच होते. हे पूर्ण जाईल का, ह्यांनी विचारलं. विभा खोटं बोलली नाही. कमी राहील, येत-जात राहील, दर शरदात या, म्हणाली.  हात बरे झाले तर हा माणूस परत येईल, असा हिशेब मी मनाशी धरून बसले होते, आणि हात बरे झाले नव्हते.

परतताना नावेनं आलो. पाणी उतरून नावा नुकत्याच सुटल्या होत्या. दोघंही गप्प. शिंदे घाट मागे पडला, रामघाट आला. हे आधी उतरले, नेहमीसारखेच. त्यानंतर ते बाजूला होऊन उभे राहायचे आणि नाववाला मला हात देऊन उतरवायचा, गेली तीन वर्षं असंच चाललं होतं. नाववाल्यानं सवयीनं हात पुढे केला, संभल के माताजी, म्हणाला. तेवढ्यात हे मागे वळले. त्याला म्हणाले, "रहने दो भैया." आणि मला म्हणाले, "हात दे."

हात खरखरीत होता, भेगांचा, आणि चांगला गरम होता. मी उतरले, पायऱ्या चढले, गल्लीत शिरले, तरी तो सोडला नाही. आमच्या रामघाटाच्या गल्लीत साठी उलटलेलं जोडपं हात धरून चालत नाही. पुढून दोन ओळखीचे शास्त्री आले, त्यांनी बघितलं आणि नजर भिंतीकडे वळवली. ह्यांचा हात जरा सैल झाला. मी म्हटलं, बघू दे त्यांना. मग तो पुन्हा घट्ट झाला, आणि तसेच आम्ही घरी आलो.